दिव्यांग मूल, हातावर पोट असलेलं घर आणि शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल कडेवर घेऊन दिव्यांग मुलांच्या आमच्या डे-केअर केंद्राच्या दारात उभे असलेले पालक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न शाळेतल्या शिक्षकांचे आहेत, काही वस्तीत असं केंद्र सुरू करू पाहणाऱ्यांचे. तुमच्या अडचणीचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचलंत तरी चालेल.

मूल अजून चालत-बोलत नाही. जरा सुधारलं की मग आणलं तर चालेल का?

नको, आत्ताच आणा. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि याच समजुतीपायी मुलांची सगळ्यांत जास्त वर्षं वाया जाताना मी पाहिली आहेत. "बसायला लागला की आणते", "शी-शू सांगायला लागली की घालू" असं म्हणता म्हणता मूल आठ-नऊ वर्षांचं होतं. तोवर त्याचा दिवस एका कोपऱ्यात, एकाच कुशीवर जातो. सांधे आखडतात, पाठीला बाक येतो. कुणी काही विचारतच नाही म्हटल्यावर काही सांगायचा प्रयत्नही ते हळूहळू सोडून देतं. ज्या सुधारणेची वाट पाहत होतो, ती वाट पाहिल्यामुळेच लांबत जाते.

बसणं, खाणं, मागणं, नकार देणं, रांगेत थांबणं या गोष्टी मूल चार मुलांत येऊन शिकतं. त्या शिकून झाल्यावर चार मुलांत यायचं, हा क्रमच उलटा आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते, म्हणून जितक्या लवकर याल तितकं बरं. पण मूल बारा वर्षांचं झालं असेल तरी या. बारा वर्षांच्या मुलालाही आधाराने बसता येतं, आणि "हो-नाही" सांगायची खूण शिकता येते.

डे-केअर म्हणजे पाळणाघरच ना? मग शाळेचं काय?

पाळणाघर आहेच, आणि त्यात कमीपणा काही नाही. आई-वडील दोघंही कामावर जातात त्या वेळात मूल सुरक्षित राहावं, पोटभर जेवावं, कोरडं राहावं, हे पहिलं काम. पण तिथेच थांबलं तर ते मुलं ठेवायचं गोदाम होतं. चांगल्या केंद्रात प्रत्येक मुलाबाबत एक प्रश्न सतत विचारला जातो: हे मूल शेजारच्या शाळेच्या वर्गात बसायचं असेल तर काय काय लागेल? कुणाला आधाराची खुर्ची लागते, कुणाला चष्मा, कुणाला फक्त गर्दीची सवय. कुणी वर्षभरात शाळेत जातं आणि शाळा सुटल्यावर केंद्रात येतं, कारण आई-बाबा संध्याकाळी उशिरा परततात. कुणी आठवड्यातले दोनच दिवस शाळेत जातं. कुणाला बरीच वर्षं जास्त मदत लागते. पण शाळेशी नातं सगळ्यांचंच हवं.

समावेशक शिक्षण म्हणजे नेमकं काय? मूल साध्या शाळेत घातलं की झालं?

नाही. साध्या शाळेत नाव घातलं आणि मूल शेवटच्या बाकावर नुसतं बसून राहिलं, तर त्याला समावेश म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या समितीने २०१६ साली हा फरक चार शब्दांत मांडला. मुलाला शिक्षणच नाकारणं म्हणजे वगळणं. त्याच्यासाठी निराळी व्यवस्था करून त्याला बाजूला ठेवणं म्हणजे वेगळं काढणं. शाळा आहे तशीच ठेवून मुलानेच जुळवून घ्यावं अशी अपेक्षा करणं म्हणजे एकात्मीकरण. आणि शाळेने आपला अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत, इमारत, परीक्षा, वागणूक बदलून मुलाला आपलंसं करणं म्हणजे समावेशन. मधल्या दोघांनाही पुष्कळदा "समावेशक" अशी पाटी लावलेली असते, म्हणून हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

ही कल्पना नवी नाही. इटलीने १९७७ मध्ये कायदा करून दिव्यांग मुलांचे वेगळे वर्ग बंद करायला सुरुवात केली. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सलामांका शहरात ९२ देशांची सरकारं आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्था जमल्या. सर्व मुलांना, त्यांची शारीरिक किंवा बौद्धिक स्थिती काहीही असो, नेहमीच्या शाळांनी सामावून घ्यावं, असं तिथे ठरलं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातल्या २४ व्या कलमाने हा हक्कच मानला.

म्हणजे विशेष शाळा वाईट का?

विशेष शाळांतल्या शिक्षकांकडे जे कसब आहे ते समावेशक शाळांना हवंच आहे. ब्रेल शिकवणं, खुणांची भाषा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला एखादी गोष्ट छोट्या छोट्या पायऱ्यांत शिकवणं, हे एका रात्रीत येत नाही. माझं म्हणणं एवढंच की ते कसब वर्गापर्यंत यावं, त्यासाठी मुलाला घर आणि वस्ती सोडून लांब जावं लागू नये.

कर्णबधिर मुलांचा विचार मात्र थोडा वेगळा करावा लागतो. आसपास खुणांची भाषा बोलणारं कुणीच नसेल, तर तीस बोलक्या मुलांत ते मूल एकटंच पडतं. त्याला लहान वयात भाषा मिळणं सर्वांत महत्त्वाचं. खुणांची भाषा जाणणारी मुलं आणि मोठी माणसं जिथे असतील तिथे त्याला नेलं पाहिजे. करारातही या मुलांना त्यांच्या भाषेत शिकता यावं असं स्पष्ट म्हटलं आहे.

दिवसभर तुम्ही मुलांकडून करून काय घेता? आम्हाला तर फक्त खेळताना दिसतात.

खेळताना दिसतात हे चांगलंच आहे. आता त्या खेळात काय चाललेलं असतं ते सांगते.

सकाळी मूल आलं की आधी त्याला नीट बसवायचं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड जाणं) असलेल्या मुलाचं बसणं जमलं की हात मोकळे होतात, मान सावरते, नजर स्थिरावते. मग त्याला समोरचं चित्र दिसतं आणि समोरची वस्तू पकडता येते. कोपऱ्यात बसवायची लाकडी खुर्ची असते, पायाखाली पाट असतो, दोन पायांच्या मध्ये गुंडाळी असते. या खुर्च्या जाड पुठ्ठ्याचे थर चिकटवूनही पक्क्या करता येतात. दर अर्ध्या-पाऊण तासाने जागा बदलायची. थोडा वेळ बसणं, थोडा वेळ पोटावर, थोडा वेळ उभं राहायच्या चौकटीत.

मग हजेरी. प्रत्येकाचं नाव घेतलं जातं आणि प्रत्येकाने आपल्या पद्धतीने "हजर" म्हणायचं. कुणी बोलतं, कुणी हात उचलतं, कुणी नुसतं वर बघतं. मूल उत्तर देईपर्यंत थांबायचं. नवीन मदतनीस ताईंना हे थांबणंच सर्वांत जड जातं. त्या दोन सेकंदांत पुढचं नाव घेतात, आणि त्या मुलाला उत्तर द्यायला वीस सेकंद लागणार असतात.

कपडे बदलणं, हात धुणं, जेवणं हे सगळे आमचे तासच आहेत. सदऱ्याची शेवटची बाही मुलाने स्वतः ओढायची, बाकीचं आपण करायचं. ते जमलं की दोन्ही बाह्या. शेवटची पायरी मुलाकडे ठेवली की काम पूर्ण झाल्याचा आनंद त्यालाच मिळतो, म्हणून सुरुवात तिथून करायची. याशिवाय गाणी, गोष्टी, माती, पाणी, रंग. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात वस्तू द्यायची. ज्याला गोंगाट सोसत नाही त्याला खोलीतली शांत जागा.

थेरपिस्ट रोज येतात का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि त्यावाचून सगळं अडतं असंही नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने अर्धा तास मुलाचे पाय ताणले, तर त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच अर्ध्या तासात त्यांनी आईला आणि ताईला मूल कसं उचलायचं, कसं बसवायचं, कसं झोपवायचं हे दाखवलं, तर उरलेले एकोणतीस दिवस उपयोगी पडतात. केंद्र निवडताना एवढं पाहा: थेरपिस्ट शिकवून जातात की फक्त करून जातात?

जेवताना रोज ठसका लागतो. आडवं घेऊन भरवलं की पटकन संपतं, तसंच चालू ठेवू का?

हे आजच बदला. मान मागे टाकून किंवा आडवं घेऊन भरवलं की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. मुलाला वारंवार होणारा छातीतला कफ, ताप, न्यूमोनिया यांच्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं, आणि घरचे मात्र हवेला दोष देत राहतात.

मुलाला ताठ बसवा. कंबरेत काटकोन, पावलं टेकलेली, डोकं सरळ आणि हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसायचं. उभं राहून भरवलं तर मूल आपोआप मान वर करतं. चमचा लहान घ्या आणि अर्धाच भरा. तो जिभेवर हलका दाबा आणि ओठ मिटू द्या. गिळल्याचं दिसल्याशिवाय पुढचा घास नको. पातळ पदार्थ तोंडात भर्रकन पसरतो, मऊ आणि घट्टसर पदार्थ सावरायला सोपा जातो. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी मूल बसतं ठेवा.

यात वेळ जातो, मला माहीत आहे. एका मुलाच्या एका जेवणाला पाऊण तास लागतो, आणि कामावर जायची घाई असलेल्या आईकडे तो पाऊण तास नसतो. घरात मूल उपाशी राहतं ते बहुतेक वेळा वेळेअभावी, मायेअभावी नव्हे. युनिसेफने २०२१ मध्ये अनेक देशांची माहिती एकत्र केली. इतर मुलांच्या तुलनेत दिव्यांग मुलांची उंची खुंटलेली असण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि ती अगदी हडकुळी असण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त निघाली. केंद्राने दुसरं काहीच केलं नाही आणि दिवसातून दोनदा नीट बसवून सावकाश भरवलं, तरी मुलाचं वजन वाढू लागतं.

प्रत्येक जेवणात ठसका, डोळ्यांत पाणी, जेवल्यावर घशातून पाणी भरल्यासारखा आवाज, किंवा वजन सतत घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गिळण्याची तपासणी करून घ्या.

फिट आली तर काय करायचं?

घड्याळ पाहा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, गळ्याजवळचं कापड सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका, नाकाशी काही धरू नका. बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, श्वास नीट नसेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर लगेच दवाखान्यात न्या.

फिट्सचं औषध एकदम बंद करू नका. "दोन महिने आली नाही, म्हणून थांबवलं" असं पालक सांगतात. त्यात बहुतेकदा निष्काळजीपणा नसतो, पैसे संपलेले असतात. तसं असेल तर आम्हाला सांगा. औषधाची सोय कुठून होईल हे मिळून बघता येतं. अचानक बंद केल्याने येणारी लांब फिट मात्र जिवावर बेतू शकते.

चित्रं आणि खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं सोडून देईल ना?

उलट होतं. बोलण्याला पूरक अशी साधनं दिल्याने बोलणं थांबतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. काही मुलांत बोलणं थोडं वाढल्याचंही दिसतं. त्यामागचं कारण समजायला सोपं आहे. चित्रावर बोट ठेवल्यावर पाणी मिळालं, की "मी सांगितलं आणि समोरच्याला कळलं" हा अनुभव मुलाला पहिल्यांदा येतो. त्यानंतरच आणखी सांगावंसं वाटतं. न बोलणारी कितीतरी मुलं चावतात, डोकं आपटतात, ओरडतात. त्यांच्या हाती "नको" आणि "थांब" सांगायची चित्रं आली की हे बरंच कमी होतं.

सुरुवात चार चित्रांपासून करा: पाणी, शू, आणखी, नको. "नको" विसरू नका. पुष्कळ तक्त्यांवर मागायच्या सगळ्या वस्तू असतात आणि नकार द्यायची सोय नसते.

मोठी मुलगी घरी राहून भावाला सांभाळते. मग केंद्र कशाला?

त्या मुलीसाठी. ती दहा-अकरा वर्षांची असते, शाळेतून नाव कमी झालेलं असतं, आणि ती तक्रार करत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. एका मुलाला सोय नसली की दोन मुलांचं शिक्षण जातं, आणि आईची मजुरीही बुडते. मूल दिव्यांग म्हणून खर्च जास्त, आणि त्याच कारणाने घरात येणारा पैसा कमी, असा हा दुहेरी फटका असतो. म्हणून केंद्राने नाव नोंदवताना मुलाच्या भावंडांचीही चौकशी करावी, असा माझा आग्रह असतो. मूल केंद्रात रुळलं आणि बहीण परत शाळेत गेली, हे मी केंद्राचं मोठं यश मानते.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं २८ वं कलम फारसं कुणी वाचत नाही. गरिबीत राहणाऱ्या दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांना अपंगत्वामुळे येणाऱ्या खर्चासाठी सरकारने मदत करावी, असं त्यात आहे. प्रशिक्षण, समुपदेशन, आर्थिक साहाय्य यांच्या बरोबरीने सांभाळणाऱ्याला विसावा मिळण्याची सोयही त्यात नावानिशी आली आहे. आईने थोडा वेळ पाठ टेकणं हाही हक्काचा भाग आहे.

आम्ही काही पाप केलं म्हणून असं मूल झालं का? की गरोदरपणात माझं काही चुकलं?

नाही. कारणं पुष्कळ असतात आणि कितीतरी वेळा नेमकं कारण सापडतही नाही. डाऊन सिंड्रोममध्ये पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. ती आईच्या खाण्यापिण्याने किंवा वागण्याने येत नाही. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडणं, वेळेआधी जन्म, नवजात बाळाची तीव्र कावीळ उपचारांविना राहणं, मेंदुज्वर, अन्नातली आयोडीनची कमतरता, शिशाची विषबाधा या कारणांनी मेंदूला इजा होऊ शकते. यातल्या बऱ्याच गोष्टी गरीब वस्तीत जास्त घडतात, कारण दवाखाना लांब असतो, रात्री गाडी मिळत नाही, तपासणीला गेलं तर दिवसाची मजुरी जाते. याला तुमची चूक म्हणता येणार नाही. व्यवस्थेने पोचायला हवं होतं आणि ती पोचली नाही.

हे बरं होईल का? एका ठिकाणी खात्रीचा उपचार सांगितला आहे, पण कर्ज काढावं लागेल.

कर्ज काढण्याआधी थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

काही गोष्टी खरोखर बऱ्या होतात, आणि त्या गमावू नका. जन्मतः आत वळलेली पावलं पोन्सेटी पद्धतीने, दर आठवड्याला प्लास्टर बदलत आणि नंतर रात्री विशिष्ट बूट घालून, बहुतेक मुलांत नीट होतात. मोठ्या शस्त्रक्रियेची गरज सहसा पडत नाही. मात्र बूट चार-पाच वर्षांपर्यंत घालावे लागतात, मध्येच सोडले तर पाऊल परत वळतं. कमी दिसणं कधी नुसत्या चष्म्याने सुटतं, कमी ऐकू येणं कधी कानातल्या पुवाच्या उपचाराने.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण ती पुसूनही टाकता येत नाही. ती पूर्ण बरी करतो असं सांगून मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून सावध राहा. डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम (स्वमग्नता) यांबाबतही तेच. मूल शिकतं, बदलतं, स्वावलंबी होत जातं. त्याचा मार्ग रोजच्या सरावातून जातो. कर्जाचे पैसे नंतर व्हीलचेअर, चष्मा, श्रवणयंत्र, फिट्सचं औषध यांना लागणार आहेत.

निदान झालेलं नाही, प्रमाणपत्रही नाही. तरी प्रवेश मिळतो का?

मिळायलाच हवा. कागदपत्रं मागाहून करता येतात. मुलाचं आज काय अडतंय हे कळायला निदान लागत नाही. युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करायची हे ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) यांनी २०१६ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात रोगाचं नाव विचारतच नाहीत. मुलाला दिसायला, ऐकायला, चालायला, समजायला, स्वतःची कामं करायला, मैत्री करायला, वागणूक आवरायला किती त्रास होतो, असे प्रश्न पालकांना विचारतात.

शाळेने "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवलं. आता?

प्रथम हे उत्तर लेखी मागा. तोंडी नकार देणं सोपं असतं, लिहून द्यायची वेळ आली की बोलणं बदलतं. मग कोणती सोय नाही ते विचारा. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तो खाली आणता येतो. पायरी असेल तर फळी टाकता येते. शौचालयाला नेणारं कुणी नसेल तर त्यावर बोलता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात "वाजवी फेरबदल" अशी कल्पना आहे. एका मुलासाठी आवश्यक ते बदल शाळेने करायचे, जोवर त्यांचा भार अवाजवी होत नाही. असे बदल नाकारणं हा भेदभावच मानला आहे. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो ते पालक संघटनेकडून समजून घ्या.

एकट्याने जाऊ नका. दोन पालक आणि केंद्रातली एक ताई असे मिळून जा.

मी साध्या शाळेत शिक्षिका आहे. वर्गात आधीच इतकी मुलं, त्यात एक दिव्यांग मूल आलं आहे. मला काही प्रशिक्षण नाही. काय करू?

ताई, तुमची भीती रास्त आहे, आणि ती बोलून दाखवलीत हे बरं झालं. पहिल्या आठवड्यात काही "शिकवायचं" ओझं घेऊ नका. मुलाच्या आईला विचारा: त्याला काय आवडतं, कशाने घाबरतं, "हो" कसं सांगतं, दुखलं तर कसं कळतं? या चार उत्तरांत प्रशिक्षणाचा बराच भाग येऊन जातो.

मग जागा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवा आणि त्याच्याकडे तोंड करून बोला, फळ्याकडे तोंड वळवून बोललेलं त्याला मिळत नाही. कमी दिसणाऱ्याला खिडकीचा उजेड पाठीमागून येईल असं बसवा, आणि फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचा. हे मोठ्याने वाचणं वर्गातल्या आणखी दहा मुलांच्याही उपयोगी पडतं. ऑटिझम असलेल्या मुलाला आज काय काय होणार ते चित्रांनी सकाळीच दाखवा, आणि घंटा होण्याआधी सांगा. ज्याला समजायला वेळ लागतो त्याला एका वेळी एकच सूचना द्या. वर्ग वीस गणितं करत असेल तर त्याला चार द्या, पण त्याच धड्यातली. बाकीच्यांना भागाकार आणि त्याला रंगवायला चित्र, हे रोज झालं तर तो वर्गात असून नसल्यासारखा होतो.

मदतनीस असेल तर तिला मुलाला चिकटून बसवू नका. तशाने इतर मुलं जवळ येत नाहीत. तिला वर्गात फिरू द्या. शेजारी बसणारा मित्रही आठवड्याने बदला, नाहीतर एकाच मुलावर जबाबदारी पडते आणि मैत्रीची चाकरी होते. आणि हजेरीत नाव घ्या. एका शाळेत आमच्या मुलीचं नाव पटावर होतं, पण वर्षभर कुणी ते उच्चारलं नव्हतं. "ती काही बोलत नाही ना," असं कारण सांगितलं गेलं. तिच्या आईने ते मला सांगितलं तेव्हा त्या आईला शब्द फुटत नव्हते.

बाकीच्या मुलांचं नुकसान होत नाही का?

आजवरच्या अभ्यासांचे आढावे पाहिले, तर दिव्यांग मुलं वर्गात असल्याने इतरांची प्रगती सर्वसाधारणपणे घटत नाही. नुकसान होतं ते गर्दीच्या, मदत नसलेल्या वर्गात, आणि तिथे ते सगळ्यांचंच होतं.

अजून शी-शू सांगता येत नाही. घेता का?

हो. कपड्यांचे तीन जोड द्या.

दान म्हणून व्हीलचेअर मिळाली आहे. वापरू ना?

आधी मुलाला बसवून पाहा. पावलं लोंबकळतात का, मूल एका कुशीला कलतं का, कंबर पुढे घसरते का? मोठ्यांच्या मापाच्या खुर्चीत लहान मूल दिवसभर बसलं तर पाठ वाकडी होते. ज्या मुलाला कंबरेखाली संवेदना नाही, त्याला योग्य गादीशिवाय बसवलं तर जखमा होतात आणि त्या त्याला कळतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे की खुर्ची मोजमाप घेऊन, मुलाला बसवून जुळवून आणि वापरायला शिकवून द्यावी. मंचावर रांगेने खुर्च्या वाटून फोटो काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की माप घ्यायला एक माणूस सोबत आणा. खुर्ची मोठीच असेल तर टाकून देऊ नका. गाद्या, पट्टे आणि पायाखालच्या फळीने ती काही काळ कामाची करता येते.

केंद्रात मूल सुरक्षित आहे हे आम्हाला कसं कळणार? त्याला तर सांगता येत नाही.

ही शंका जरूर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २०१२ मध्ये आलेल्या एका आढाव्यात दिव्यांग मुलांना हिंसेचा सामना करावा लागण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट आढळली. न सांगता येणारं मूल सोपं सावज ठरतं.

केंद्रात न कळवता जा, कोणत्याही वेळी. आडकाठी झाली तर ते केंद्र सोडा. कपडे बदलायची जागा आडोशाची असावी, पण बंद दाराआडची नसावी, आणि एकटा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत नसावा. बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, मारणं हे कुठल्याही कारणाने होता कामा नये. मुलाच्या संवादाच्या तक्त्यावर शरीराच्या सगळ्या अवयवांची आणि "दुखलं", "भीती वाटली" ही चित्रं असायला हवीत. चित्रच नसेल तर ते सांगणार कशाने? मूल अचानक एखाद्या माणसाला टाळू लागलं, झोपेत दचकू लागलं, जमत असलेली शी-शू पुन्हा कपड्यांत होऊ लागली, तर ते अंगवळणी पडेल म्हणून सोडून देऊ नका.

आमच्या वस्तीत असं केंद्र सुरू करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

इमारतीपासून नको. मी ती चूक केली आहे. खोली रंगवली, साहित्य मांडलं, वेळ ठेवली दहा ते एक. मुलं आली नाहीत, कारण आया सातला कामावर निघत होत्या आणि दहा वाजता मूल आणून सोडायला घरात कुणी नव्हतं. घरोघरी जाऊन आधी विचारलं असतं तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

म्हणून आधी फिरा. "तुमच्याकडे अपंग मूल आहे का?" असं विचारलं की दारं मिटतात. "घरात कोणत्या मुलाला चालायला, बोलायला, शिकायला अडचण आहे का?" असं विचारा, आणि एकदा नव्हे, दोन-तीनदा जा. आतल्या खोलीतलं मूल तिसऱ्या भेटीत दिसतं.

सहा-आठ मुलांपासून सुरुवात करा. जास्त मदत लागणाऱ्या दर तीन मुलांमागे एक माणूस हवाच, याहून कमी माणसांत भरवणं घाईचं होतं. जागा तळमजल्यावर हवी. पाणी आणि रुंद दाराचं शौचालय ही पहिली गरज, खेळणी नंतर. काम करायला वस्तीतल्याच बाया घ्या, त्यांत दिव्यांग मुलांच्या आया असतील तर उत्तमच. त्यांना शिकवा आणि पगार द्या. "सेवा" म्हणून फुकट राबवलेली बाई चार महिन्यांत सोडून जाते, आणि तिच्याबरोबर मुलांची ओळखीची माया जाते.

सर्वांत मोठा खर्च बहुधा येण्याजाण्याचा होतो. गाडी बंद पडली की केंद्र ओस पडतं. त्यामुळे एका मोठ्या केंद्रापेक्षा चालत येण्याजोगी दोन छोटी केंद्रं मला बरी वाटतात. पहिल्याच महिन्यात जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी ओळख करून घ्या. शाळेतली मुलं आठवड्यातून एकदा तुमच्याकडे खेळायला येऊ द्या. पुढे आपली मुलं तिकडे गेली की तिथे ओळखीचे चेहरे असतात.

आणि देणगीसाठी रडवेल्या मुलांचे फोटो काढू नका.

मला आठवड्याला दोनच तास देता येतील. उपयोग होईल?

होईल, पण तेच दोन तास दर आठवड्याला, वर्षभर. एक महिना रोज येऊन नंतर दिसेनाशी होणारी माणसं मुलांना फार लागतात.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

चालू असलेली औषधं आणि त्यांची चिठ्ठी, कपड्यांचे जोड, मूल ज्या चमच्याने जेवतं तो चमचा, आणि जवळ घेऊन झोपतं अशी एखादी वस्तू असेल तर ती. पहिले तीन-चार दिवस तुमच्यापैकी कुणीतरी तासभर थांबा. नंतर सांगून जा, नजर चुकवून पळू नका. रडलं तरी "येते हं" म्हणा आणि सांगितलेल्या वेळेला या. घरी त्याला ज्या नावाने हाक मारता तेही आम्हाला सांगा. वहीत पाळण्यातलं नाव लिहू, पण हाक घरच्या नावानेच मारू.